विश्राम बेडेकर

विश्राम बेडेकर (१९०६–१९९८) हे मराठी कादंबरीकार, नाटककार, आत्मचरित्रकार व चित्रपट-दिग्दर्शक होते. १९३९ साली प्रसिद्ध झालेली ‘रणांगण’ ही त्यांची एकमेव कादंबरी.

त्यांचा जन्म अमरावतीचा. ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई या त्यांच्या पत्नी. चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी बेडेकर इंग्लंडला गेले होते. परतीच्या बोटीवर त्यांना नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू निर्वासित भेटले. त्या काळी बहुतेक देशांनी या लोकांना दारे बंद केली होती; परवान्यावाचून उतरता येई ते शांघायसारख्या एखाद्याच बंदरात.

याच अनुभवातून ‘रणांगण’ सिद्ध झाली. शीर्षक युद्धाचे असले, तरी कादंबरीत सैन्य नाही. मायदेशी परतणारा चक्रधर आणि निर्वासित ज्यू तरुणी हॅर्टा यांचे प्रेम बोटीवर जमते व मुंबई बंदरात संपते. तो उतरतो, तिला उतरता येत नाही. पुढे समुद्रातच ती आपले जीवन संपवते. तिचा बळी नाझींच्या द्वेषाने घेतलाच. परंतु चक्रधरासारख्या सुशिक्षित, सहृदय माणसाची घुटमळही त्याला कारण झाली, हे बेडेकर लपवीत नाहीत. पहिल्या प्रेमात पोळलेला हा तरुण स्वतः पारतंत्र्यातला. तरी त्याला उतरायला मायभूमी आहे, हॅर्टाला तीही नाही. माणुसकीवरचा विश्वास असा आतून ढासळताना दाखवणारी कादंबरी त्या दशकातल्या मराठीत विरळाच. फडके-खांडेकरांमधील कला की जीवन हा वाद तेव्हा रंगात होता. त्या वादाच्या चौकटीत ‘रणांगण’ बसत नाही, आणि तिचे मोठेपण वाचकांना उमगायलाही बराच काळ जावा लागला. दुसरी कादंबरी बेडेकरांनी लिहिलीच नाही.

चित्रपटसृष्टीत मात्र ते दीर्घकाळ रमले. प्रभातच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटाच्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) त्यांनी दिग्दर्शित केला. ‘टिळक आणि आगरकर’ (१९८०) हे त्यांचे गाजलेले नाटक.

‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे नाव एकाच झाडावरच्या दोन पक्ष्यांच्या उपनिषदातील रूपकावरून घेतले आहे. त्यांतला एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. बोटीवरच्या चक्रधरातही हे दोन्ही पक्षी दिसतात. १९८६ साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे बेडेकर अध्यक्ष होते.