धारवाडचा गोलंदाज : पी. बाळू

धारवाड म्हटले की आम्हा बेळगावकरांना पेढा आठवतो, फार तर कवी बेंद्रे आठवतात. पण हिंदुस्थानातला पहिला मोठा गोलंदाज १८७६ साली त्याच गावी जन्मला, हे आमच्या वर्गात विचारून पाहिले तर दोघांनाही ठाऊक नव्हते. त्यांचे नाव पालवणकर बाळू. घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, जात चांभार, वडील लष्कराच्या नोकरीत. त्यामुळे बाळूंचे बालपण पुण्यात गेले.

पुण्यात एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व रोलर फिरवण्याचे काम त्यांना मिळाले. पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. तेथे जाळी बांधायची, टेनिस कोर्टाच्या रेषा आखायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देत, असे सांगतात. तासन्‌तास चेंडू टाकून डाव्या हाताची फिरकी तयार झाली. मात्र या सरावात बॅट त्यांच्या हाती कोणी दिली नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला यात सरळ हिशेब दिसतो. गोलंदाजी ही मजुरी होती, फलंदाजी हा मान होता.

पुण्याच्या हिंदूंना साहेबांचा पराभव करायचा होता, तेव्हा बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. अखेर घेतले. मैदानावर सर्वजण तोच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र इतरांना पेल्यात आणि बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता!

पुढे ते मुंबईस आले, रेल्वेच्या संघातून खेळले, हिंदू जिमखान्यात गेले. जिथे नोकरी तिथे गोलंदाजी, असे ते जीवन होते. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचे आठ बळी होते.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. २३ सामन्यांपैकी १५ हरला. महाराज मोजकेच सामने खेळले. पस्तिशीतले बाळू मात्र चेंडू टाकत राहिले आणि त्यांनी ११४ बळी घेतले. लीस्टरशायरवरच्या विजयात एकट्याचे अकरा बळी. त्या संघात त्यांचे बंधू शिवरामही होते.

इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळले, तेव्हा शिवराम व विठ्ठल हे दोघे बंधू निषेध म्हणून बाहेर पडले. मग बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. १९२३ साली धाकटे विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला; तोपर्यंत थोरल्याचा खेळ संपला होता.

नंतर ते राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली काँग्रेसतर्फे मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पडले. तरुणपणी आंबेडकरांनीच बाळूंचे कौतुक केले होते, म्हणून ही लढत वाचताना मला अवघडल्यासारखे होते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.