दहा शिलिंगांचे गाणे

कलावंताची लूट चोरवाटेनेच होते असे नाही. झुलू गायक सॉलोमन लिंडा यांच्या बाबतीत ती रीतसर कागदपत्रांनिशी झाली. १९३९ साली जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीसाठी त्यांनी ‘म्बुबे’, म्हणजे सिंह, हे गीत गायिले आणि त्याचे हक्क अवघ्या दहा शिलिंगांना गमावले. तबकडी अमेरिकेत पोहोचली. तेथे झुलू शब्द नीट न उमगल्याने गीताचे नाव ‘विमोवे’ झाले आणि कर्ता म्हणून लागले पॉल कॅम्पबेल हे नाव. असा इसम अस्तित्वातच नव्हता! पीट सीगर यांनी लिंडांना हजार डॉलर धाडले, ही त्यातल्या त्यात सचोटी. १९६१ मध्ये ‘टोकन्स’ या गायकवृंदाने तीच चाल इंग्रजी शब्दांत अमेरिकेत अग्रस्थानी नेली. पुढच्याच वर्षी लिंडा निष्कांचन अवस्थेत वारले.

गोऱ्यांच्या राज्यात कृष्णवर्णीयाला न्याय कुठला, असे म्हणून हा विषय संपला असता. परंतु त्याच राज्यकर्त्यांच्या १९११ च्या कायद्यात एक विस्मृत कलम होते: विकलेले हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी वारसांकडे परततात. या हिशेबाने, निदान साम्राज्याच्या जुन्या मुलखांत, १९८७ पासून गीत लिंडांच्या मुलींचे ठरत होते. ‘द लायन किंग’ चित्रपटात ते वापरणाऱ्या डिस्ने कंपनीवर २००४ साली दावा गुदरला गेला. प्रिटोरियाच्या न्यायालयाने कंपनीच्या व्यापारचिन्हांवर टाच आणली. २००६ मध्ये तडजोड झाली. मुलींना स्वामित्वधन मिळू लागले आणि गीताचे सहरचनाकार म्हणून लिंडा यांचे नाव मान्य झाले.