ड्रॉप-डाउनमधले एव्हरेस्टसाहेब

सुरुवातीलाच कबूल करते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला.

गोष्ट सर्व्हे कॅम्पनंतरची. आम्ही चौघींनी हातातल्या जीपीएसवर एका बंधाऱ्याचे, दोन विहिरींचे आणि रस्त्याच्या वळणांचे पॉइंट घेतले होते. मग जुनी टोपोशीट स्कॅन केली, ऑटोकॅडमध्ये चार कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवर नीट बसवली आणि त्यावर आमचे पॉइंट टाकले. बंधारा नाल्यावर यायला हवा होता. तो शंभर मीटरहून जास्त सरकून कुणाच्या तरी शेतात जाऊन बसला! विहिरींचं तेच, रस्त्याचंही तेच. सगळे एकाच दिशेला, जवळजवळ सारखेच सरकलेले.

रात्रीचे दोन वाजलेले, सबमिशन सकाळी दहाला. सगळं सिलेक्ट करून मूव्ह कमांडनं गुपचूप नाल्यावर नेऊन ठेवायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात मी कोऑर्डिनेट सिस्टिमची लांबलचक यादी उघडली. त्यात कल्याणपूर १९७५ असं एक नाव होतं (आपलं मुंबईजवळचं कल्याण नव्हे, हे मला नंतर कळलं) आणि त्याच्या माहितीत लिहिलं होतं, एव्हरेस्ट १८३०. मला एव्हरेस्ट म्हणजे डोंगर एवढंच माहीत! सबमिशन झाल्यावर लायब्ररीत बसून या माणसाबद्दल मिळेल ते वाचलं, म्हणून हा लेख.

जॉर्ज एव्हरेस्ट यांचा जन्म १७९०चा. सोळाव्या वर्षी, म्हणजे आपण अकरावीच्या क्लासला जातो त्या वयात, ते कंपनीच्या तोफखान्यात कॅडेट म्हणून हिंदुस्थानात आले. पुढे जावा बेटाच्या सर्वेक्षणात दोन वर्षं गेली. १८१८ मध्ये त्यांना विल्यम लॅम्ब्टन यांचे असिस्टंट नेमलं. लॅम्ब्टननी १८०२ मध्ये मद्रासला एक बेसलाइन मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली होती. पद्धत आपण फर्स्ट इयरलाच शिकतो: एक बाजू काटेकोर मोजायची, पुढे फक्त कोन मोजायचे आणि त्रिकोणावर त्रिकोण रचत जायचं. आपण ते कॅम्पसच्या ग्राउंडवर करतो, यांनी देशभर केलं. थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. (आमचा बारकासा थिओडोलाइट टेकडीवर नेताना चौघींत भांडणं झाली होती.)

१८२३च्या जानेवारीत लॅम्ब्टन हिंगणघाटला वारले आणि काम एव्हरेस्ट यांच्यावर आलं. जंगलातल्या तापानं ते आधीच खचले होते. १८२४ मध्ये मध्य हिंदुस्थानात सिरोंजला बेसलाइन मोजली तेव्हा प्रकृती इतकी ढासळलेली, की यंत्रापाशी बसायलाही माणसांचा आधार लागे. शेवटी १८२५ मध्ये इंग्लंडला परतावं लागलं. तिथे पाच वर्षं आराम केला असेल असं वाटलं, तर नाही. त्यांनी हाती असलेल्या मोजमापांवरून पृथ्वीचा आकार काढला. पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. किती मोठी आणि किती चपटी, याचे त्यांचे आकडे म्हणजेच तो १८३०चा एव्हरेस्ट एलिप्सॉइड. त्यांची विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या मीटरमध्ये सुमारे ६३,७७,२७६ येते. जीपीएस ज्यावर चालतो त्या डब्ल्यूजीएस ८४ ची आहे ६३,७८,१३७. फरक ८६१ मीटरचा. शिवाय त्यांचा एलिप्सॉइड सिरोंजजवळच्या कल्याणपूर या ठाण्याला धरून हिंदुस्थानावर चपखल बसवलेला, तर जीपीएसचा अख्ख्या पृथ्वीसाठी, तिच्या केंद्रावर. त्यामुळे अक्षांश-रेखांशाचे तेच आकडे दोन्हींत वेगवेगळ्या जागा दाखवतात. आमची टोपोशीट एव्हरेस्टची, पॉइंट जीपीएसचे. बंधारा शेतात गेला तो असा.

१८३० मध्ये ते सर्व्हेयर जनरल होऊन परतले, सोबत तापमानानं लांबी बदलू नये अशा खास पट्ट्या घेऊन. आणि त्यांनी काय केलं, तर सिरोंजची बेसलाइन १८३७-३८ मध्ये पुन्हा मोजली! स्वतःच, आजारपणात, साखळीनं मोजलेली. मला हे वाचताना आमची मूव्ह कमांड आठवली आणि जरा लाज वाटली.

उत्तरेच्या सपाट मैदानात दूरचं दिसावं म्हणून उंच मनोरे बांधले, धूळ आणि धुकं नडतं म्हणून रात्री दिवे लावून कोन घेतले. साहेब भयंकर तापट होते, हाताखालच्यांना त्यांची धास्ती असे. पण माणूस पारखायचे. १८३१ मध्ये कलकत्त्याचे राधानाथ शिकदार गणितासाठी आले तेव्हा जवळपास आपल्याएवढेच होते. यंत्रांच्या दुरुस्तीला अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन होते. डेहराडूनची सुमारे साडेसात मैलांची बेसलाइन प्रत्यक्ष मोजली आणि शेकडो मैल दूरच्या सिरोंजवरून त्रिकोणांच्या गणितानंही काढली. दोन्हींत फरक आला सात-साडेसात इंचांचा. आमचा शंभर मीटरचा होता, तोही ऑटोकॅड वापरून.

१८४१ मध्ये बिदरची बेसलाइन पुन्हा मोजून कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंतचा कंस पुरा झाला, १८४३ मध्ये ते निवृत्त होऊन मायदेशी गेले. ते शिखर त्यांनी मोजलंच नाही. त्याची निरीक्षणं १८४९-५० मधली, गणितात शिकदारांचा मोठा वाटा. नाव सुचवलं त्यांच्या जागी आलेल्या अँड्र्यू वॉ यांनी, १८५६ मध्ये. खुद्द एव्हरेस्टसाहेबांनी हरकत घेतली होती, की इथल्या लोकांना हे नाव नीट उच्चारता-लिहिता येणार नाही. १८६५ मध्ये ते पक्कं झालं, १८६६ मध्ये साहेब गेले. गंमत म्हणजे त्यांच्या घरी आडनावाचा उच्चार ईव्हरेस्ट असा होता. म्हणजे चुकीचं सगळं जगच बोलतंय, कॉन्व्हेंटवाल्यांसकट.

आमच्या ड्रॉइंगचं सांगायचं राहिलं. टोपोशीटला कल्याणपूर दिलं, पॉइंटना डब्ल्यूजीएस ८४, आणि सॉफ्टवेअरकडून रूपांतर करून घेतलं. बंधारा नाल्यावर आला. स्कॅनची थोडी चूक उरली, ती तशीच ठेवून रिपोर्टमध्ये लिहिली. सबमिशनला पावणेअकरा झाले, उशिराचे मार्क कापले गेले.

मी चंद्रपूरची. दर दिवाळीला घरी जाताना गाडी हिंगणघाटला थांबते, मी चहा घेते आणि पुन्हा बर्थवर आडवी होते. लॅम्ब्टनची कबर त्याच गावात आहे. या दिवाळीला उतरायचा विचार आहे, कुणी येणार असेल तर सांगा.