ग्वाल्हेरची चांदीची आगगाडी

निपाणीला आगगाडी नाही. तंबाखूच्या पेठेने नाव कमावलेल्या या गावच्या माणसाला गाडी धरायची तर चिकोडी रोड नाहीतर कोल्हापूर गाठावे लागते. तेव्हा इकडच्या पोराला आगगाडी पहिल्यांदा भेटते ती बहुधा जत्रेतल्या पत्र्याच्या खेळण्यात. अंगणात विटा उभ्या करून पूल, मातीच्या ढिगाला भोसकून बोगदा आणि तुळशीची मंजिरी खोचून झाडी, एवढ्यावर त्याचा घाट तयार होतो. विलायतेत हाच खेळ थोरामोठ्यांनी शास्त्र म्हणून वाढविला. तारेच्या जाळीवर प्लॅस्टर थापून डोंगर करायचे, पुलाच्या कमानी मापात कापायच्या आणि सारा मुलूख मेजावर मांडून त्यातून गाडी फिरवायची. आपल्याकडे या छंदाचा सर्वांत थाटाचा नमुना ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांच्या जेवणाच्या मेजावर होता. गंमत अशी, की त्या मेजावर डोंगर नव्हता, बोगदा नव्हता आणि पूलही नव्हता.

शिंद्यांचे मूळ गाव सातारकडचे कण्हेरखेड. ग्वाल्हेरचे नाव आमच्या भागात घराघरांत पोहोचले ते मात्र गाण्यामुळे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती गायकी दक्षिणेत आणली आणि मिरज, इचलकरंजीपासून ती सर्वत्र पसरली. त्यामुळे ग्वाल्हेर म्हटले की आम्हांला हद्दू-हस्सू खाँ आठवतात. ज्या राजाने त्या गाण्याला वर्गखोली आणि वेळापत्रक दिले, तो राजा रुळांचाही वेडा होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. वडील जयाजीराव १८८६ मध्ये वारले तेव्हा मुलगा दहा वर्षांचाही पुरता झाला नव्हता. कारभार रीजन्सी कौन्सिलकडे गेला आणि पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले ते १८९४ मध्ये. आगगाडी या घराला नवी नव्हती. आग्रा ते ग्वाल्हेर लोहमार्गासाठी जयाजीरावांनी ७५ लाख रुपये दिले होते. पण बापाने पैसे दिले आणि मुलाने इंजिनाला हात लावला, एवढा फरक या दोन पिढ्यांत पडला. स्वतः इंजिन हाकण्याचा माधवरावांना विलक्षण नाद होता.

अधिकार हाती येताच त्यांनी दोन फुटी रूळ घालायला घेतले. माथेरानला ज्यांनी गाडी पाहिली आहे त्यांना हे माप सांगायला नको; मात्र माथेरानचे रूळ १९०७ चे, ग्वाल्हेरचे त्याआधीचे. प्रारंभी ती राजाची हौसच मानली गेली. पण हौशी माणूस हिशेबी असला म्हणजे काय होते ते पुढे दिसले. रूळ अरुंद असले की वळण आखडते घेता येते, भराव आणि खोदाई कमी लागते, पूल हलका चालतो आणि लहान ओढ्यावर साधी मोरी भागते. चंबळेच्या बाजूचा तो मुलूख म्हणजे पावसाने चिरून काढलेल्या मातीच्या घळी. आज जिथे सपाट रान आहे तिथे दहा पावसाळ्यांनी खड्डा असायचा. अशा जमिनीवर मोठ्या मापाची गाडी न्यायची तर संस्थानाचा खजिना पुरला नसता. धाकट्या मापाने ते साधले. डिसेंबर १८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या हस्ते रीतसर उद्घाटन झाले. भिंड आणि शिवपुरी हे पहिले फाटे. १९०४ पर्यंत रूळ सबळगढला पोहोचले आणि १९०९ मध्ये श्योपूरला. ग्वाल्हेर ते श्योपूर हे अंतर सुमारे २०० किलोमीटर भरते. दोन फुटी रुळांवर एवढा लांब पल्ला जगात फारसा कोणी गाठलेला नाही.

मेजावरची गाडी याच काळातली. नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या कारखान्याने ती १९०६ च्या सुमारास घडविली. खेळण्यातल्या आगगाड्या मापात आणि चोख करण्याबद्दल या कारखान्याचा तेव्हा लौकिक होता. चांदीचे इंजिन, मागे सात डबे आणि प्रत्येक डब्यावर शिंदे या नावाच्या इंग्रजी सात अक्षरांपैकी एकेक. डब्यांत पैलूदार काचेच्या सुरया, चिरूट आणि सुका मेवा. मेजभर घातलेल्या रुळांवरून ती विजेवर चाले. पाहुण्याने सुरई उचलली की थांबे आणि परत जागेवर ठेवली की पुढे निघे. वाढपी नको, हाकारा नको. कोणा व्हाइसरॉयच्या मेजवानीत ती बिथरली आणि पाहुण्यांच्या अंगावर सांडलवंड करीत धावत सुटली, ही गोष्ट पुढे इंग्रजी पुस्तकांतून फार गाजली. मला तिचे कौतुक नाही. गाडी सरळ चालत होती, हीच तिच्यातली पाहण्याजोगी गोष्ट होय. हात पुढे झाला की थांबायचे आणि मोकळा झाला की निघायचे, इतकी शिस्त माणसांच्या पंगतीतही सापडत नाही.

आणि देखावा? ज्याच्याजवळ डोंगर नाही तो प्लॅस्टरचा डोंगर करतो. माधवरावांना त्याची गरज नव्हती. त्यांचे पूल आणि भराव वाड्याबाहेर उन्हात तापत पडले होते, त्यांची झाडी शिवपुरीच्या जंगलात होती. मेजावर त्यांनी फक्त गाडी आणि नियम ठेवला.

नियमाची ही आवड त्यांच्या साऱ्या कारभारात दिसते. १९०० मध्ये चीनच्या मोहिमेसाठी त्यांनी ग्वाल्हेर नावाचे इस्पितळ-जहाज दिले आणि स्वतःही गेले. टाटांचा पोलादाचा कारखाना उभा राहत असताना चार लाख पौंडांचे कर्जरोखे त्यांनी एकट्याने उचलले. लोखंडावर त्यांचा विश्वास होता, असेच म्हणायचे. संगीताच्या बाबतीत १९१८ मध्ये त्यांनी भातखंड्यांकडून माधव संगीत विद्यालय उभे करविले. घराण्यातली तालीम स्वरलिपीत बसवून वर्गात शिकवायची, इयत्ता लावायच्या, परीक्षा घ्यायची. गुरूच्या मर्जीवर सुटणारी गाडी आता ठरल्या वेळी सुटू लागली. वर्गात गाणे शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचे पोट त्याच रुळांवर चालते, तेव्हा तक्रार करणे शोभत नाही. तरी ख्यालाची बढत वेळापत्रकात पुरती बसत नाही, हे रोज सकाळी दिसते.

जमीन मात्र मेजासारखी ऐकत नाही. सांक नदीवर तिघ्रा येथे बांधलेले धरण १९१७ च्या पावसाळ्यात फुटले. विश्वेश्वरय्यांच्या स्वयंचलित दारांचा नमुना तेथे बसविलेला होता. पण दोष दारांत नव्हता. पायातल्या वालुकाश्मातून पाणी झिरपले आणि भिंत गेली. खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. त्यांच्या चरित्राची हौसेने वर्णने करणारे या वर्षावरून घाईने पुढे जातात. तसे जाऊ नये. ज्या बुद्धीने दोन फुटी रूळ घळींतून नेले, तीच बुद्धी येथे खडकाने फसविली. धरण पुन्हा बांधले गेले. ते पाणी ग्वाल्हेर शहर आजही पिते.

स्वभावाने हा माणूस थट्टेखोर आणि कष्टाळू, इंग्रजांशी निष्ठा इतकी की मुलाच्या नावात जॉर्ज आणि मुलीच्या नावात मेरी घातले. त्याच माणसाने छत्रपती शाहू महाराजांच्या बरोबरीने पुण्याच्या शिवाजी स्मारकाच्या कामी पुढाकार घेतला. या दोन निष्ठा एका मनात कशा नांदल्या, ते त्या पिढीच्या संस्थानिकांनाच ठाऊक. ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये माधवराव वारले. वय ४८. पुत्र जिवाजीराव तेव्हा लहान. म्हणून कारभार पुन्हा कौन्सिलकडे गेला. शिवपुरीला आईच्या छत्रीसमोरच त्यांची संगमरवरी छत्री आहे.

रूळ त्यांच्यामागे बराच काळ टिकले. शिवपुरीचा फाटा उखडला गेला, भिंडचा मोठ्या मापाचा झाला. श्योपूरची गाडी मात्र बामोर, जौरा, कैलारस, सबळगढ अशी ठेशने घेत, टपावर माणसे बसवून, दिवसभरात आपला पल्ला संपवीत राहिली. राजाच्या हौसेची गाडी ज्यांच्या उपयोगी पडली ते दूधवाले, शाळकरी पोरे, तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालणारे शेतकरी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती थांबली आणि पुन्हा निघाली नाही. पुढे धाकटे रूळ काढून मोठ्या मापाचे काम टप्प्याटप्प्याने सुरू झाले.

चांदीची गाडी जयविलास वाड्याच्या संग्रहालयात त्याच लांब मेजावर आहे. पाहणारे तिच्याभोवती गर्दी करतात आणि सुरयांकडे पाहतात.