मंथरेच्या पलीकडच्या ललिता पवार

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका सुरू झाली आणि रविवारच्या सकाळी शहरांतले रस्ते ओस पडू लागले. पाठीत वाकलेली, काठी टेकत चालणारी, डावा डोळा बारीक करून कैकेयीचे कान भरणारी मंथरा याच मालिकेने घरोघरी पोहोचवली. ती भूमिका करणाऱ्या ललिता पवार यांनी तेव्हा सत्तरी गाठली होती. त्या वेळच्या मुलांसाठी त्या मंथरा होत्या, तर त्यांच्या आई-वडिलांसाठी हिंदी चित्रपटातील खाष्ट सासू. या बाई एके काळी नायिका होत्या, स्वतः चित्रपटनिर्मितीत उतरल्या होत्या आणि बारीक झालेला तो डोळा हा अभिनय नसून एका अपघाताची खूण होती, याचे स्मरण फार थोड्यांना उरले होते.

१८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्यात, रेशमी वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी, त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. चित्रपटांत काम करणे हे घरंदाज स्त्रीला न शोभणारे मानले जात होते, त्या काळात ही मुलगी पुण्यात नानासाहेब सरपोतदार यांच्या आर्यन फिल्म कंपनीत दाखल झाली आणि बालभूमिका करू लागली. १९२८ च्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटापासून तिची कारकीर्द मोजली जाते. पुढे अंबाची ललिता झाली. निर्माते-दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी विवाह झाल्यावर ललिता पवार हे नाव पडद्यावर रूढ झाले.

तिशीचे दशक हे त्यांच्या नायिकापदाचे दशक होय. १९३२ च्या 'कैलाश' या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता. बोलपट आल्यावर त्यांनी गाणीही म्हटली. १९३५ च्या 'हिम्मत-ए-मर्दा'ने त्यांना लोकप्रियता दिली. १९३७ साली त्यांनी टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन' कादंबरीवर आधारलेला 'दुनिया क्या है' हा चित्रपट निर्माण केला. विशीतल्या मराठी अभिनेत्रीने असा विषय निवडावा, यावरून त्यांच्या आकांक्षेची कल्पना यावी. भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर' (१९३९), वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा 'अमृत' (१९४१) असे महत्त्वाचे मराठी चित्रपट याच काळातले.

१९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात घात झाला. प्रसंगानुसार सहकलाकार मास्टर भगवान यांनी त्यांना थप्पड मारायची होती. हात अपेक्षेपेक्षा फार जोरात बसला. चेहऱ्याच्या एका बाजूस पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. दीर्घकाळ उपचार झाले, तरी डोळा पूर्ववत झाला नाही. वय अवघे सव्वीस आणि नायिकेचा चेहरा कायमचा गेलेला. त्या काळी नायिकेच्या सौंदर्याइतकी दुसरी कोणतीही गोष्ट पडद्यावर महत्त्वाची नव्हती. अशा वेळी बहुतेकांची वाट संपली असती.

ललिताबाईंनी वाट बदलली. १९४४ च्या प्रभातच्या 'रामशास्त्री'मध्ये त्या आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून लोककथेने बदनाम केलेली ही पेशवीण त्यांच्या पुढच्या प्रवासाची नांदी ठरली. ज्या डोळ्याने नायिकापद हिरावले, त्याच डोळ्याला त्यांनी कामाला लावले. व्ही. शांताराम यांच्या 'दहेज' (१९५०) मधील सासूने प्रेक्षकांचा संताप ओढवून घेतला आणि तो संताप हीच त्यांच्या अभिनयाची पावती ठरली. पुढे हिंदी चित्रपटात दुष्ट सासूची व्यक्तिरेखा लिहिताना ललिता पवार हेच नाव डोळ्यांसमोर येऊ लागले.

मात्र त्यांना केवळ खलनायिका म्हणणे अन्यायाचे होईल. राज कपूर यांच्या 'श्री ४२०' (१९५५) मधील केळेवाली गंगामाई ही मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्या माणसांची आई होती. त्याच वर्षीच्या गुरुदत्त यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये त्यांनी पुरुषद्वेष्ट्या आत्याची भूमिका केली. १९५९ साली बिमल रॉय यांच्या 'सुजाता'मध्ये जातीचा ताठा न सोडणारी वडीलधारी बाई त्यांनी उभी केली. त्याच साली हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनाडी'त वरून कठोर आणि आतून मायाळू अशी घरमालकीण मिसेस डिसा साकारून त्यांनी सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार पटकावला. १९६१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला. 'प्रोफेसर' (१९६२) मध्ये त्यांनी स्वतःच्या करारी प्रतिमेचीच थट्टा केली. 'आनंद' (१९७१) मध्ये हृषीकेश मुखर्जींनी त्यांना पुन्हा डिसा हेच आडनाव दिले. या वेळी त्या रुग्णालयातील मेट्रन होत्या.

रामानंद सागर यांच्या 'आँखें' (१९६८) मध्येही त्या होत्या. त्यामुळे मंथरेसाठी सागर यांनी त्यांची निवड करावी, यात नवल नव्हते. मालिकेचे चित्रीकरण गुजरातेतील उंबरगावला, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्याच्या सीमेलगत झाले. याच जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात बोहाड्याच्या उत्सवात रामायणातील पात्रे मुखवटे घालून संबळाच्या तालावर नाचवण्याची जुनी परंपरा आहे. तेथे मुखवटा पात्राची ओळख पटवतो. ललिताबाईंना मंथरेसाठी वेगळा मुखवटा लागला नाही. दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर, भरत संजय जोग आणि मंथरा ललिता पवार, अशी या अयोध्येच्या राजवाड्यात मराठी कलावंतांची मोठी उपस्थिती होती. कटाचे प्रसंग मोजकेच होते. पण मंथरेची कुजबूज सुरू झाली की घरातील वडीलधारी माणसे पडद्याकडे पाहून बोटे मोडत. चित्रपटगृहातला राग आता दिवाणखान्यात आला होता.

गणपतरावांपासून विभक्त झाल्यावर ललिताबाईंनी निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी विवाह केला होता. अखेरची वर्षे त्या पुण्यात औंधला राहत होत्या. तोंडाच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले होते. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा पती रुग्णालयात होते आणि घरात कोणीही नव्हते. त्या गेल्याचे इतरांना कळले ते दोन दिवसांनी. सुमारे सात दशके पडद्यावर वावरलेल्या अभिनेत्रीचा हा शेवट मराठी रसिकांना चटका लावून गेला.

टाळेबंदीच्या काळात, २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले, तेव्हा ललिताबाईंना जाऊन बावीस वर्षे लोटली होती. त्यांच्या निधनानंतर जन्मलेल्या मुलांनी मंथरा प्रथमच पाहिली आणि आजी-आजोबांइतकाच तिचा राग केला. 'कैलाश' आणि 'दुनिया क्या है' या चित्रपटांतल्या तरुण ललिताबाई मात्र त्यांना कुणी दाखवल्या नाहीत.