कै. ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द आज महाराष्ट्रांतील लहानशा पाड्यावरही सर्वांच्या तोंडीं आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येक विद्यार्थ्यांनीं आपल्या शिक्षणाचा श्रीगणेशा तेथेंच केला असेल, आणि कित्येकांचीं धाकटीं भावंडें आजही तेथें जात असतील. परंतु ज्या बाईंनीं शाळेला तिच्या इमारतींतून उठवून मुलाच्या अंगणांत आणून बसविलें, त्यांच्याविषयीं मात्र फार थोड्यांना दोन वाक्यें सांगतां येतील. म्हणून या अंकांत त्यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजीं मुंबई येथें झाला. त्यांचें माहेरचें आडनांव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते, आणि लोकापवादाची पर्वा न करितां त्यांनीं विधवेशीं विवाह केला होता. अशा घरांतील मुलीला शिक्षण मिळावें यांत नवल नाहीं; तरी १९१४ सालीं एका मराठी स्त्रीनें मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी मिळविणें ही तेव्हां सामान्य गोष्ट नव्हती. पुढें अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. तो संसार सुखाचा झाला नाहीं व १९२१ सालीं तो मोडला. पदरीं एक लहान मुलगी, आणि पुढील सर्व आयुष्य स्वतःच्या हिमतीवर काढावयाचें, अशी त्यांची स्थिति होती. त्या काळच्या समाजांत अशा स्त्रीच्या वाट्यास काय येत असे, हें निराळें सांगावयास नको.

राजकोट येथील मुलींच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजांत त्यांना प्रमुखाची जागा मिळाली. ती मानाची जागा होती. परंतु १९२३ सालीं ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करतां करतां ते बालशिक्षणाकडे वळले व १९२० मध्यें त्यांनीं भावनगरला बालमंदिर काढलें. मुलांवर त्यांची माया अशी कीं, गुजरातेंतील लोक त्यांना मिशांची आई म्हणूं लागले! या गुरूच्या हाताखालीं ताराबाईंनीं इटलींतील डॉ. मारिया मॉंटेसरी यांच्या पद्धतीचा अभ्यास केला. मॉंटेसरीबाईंनीं १९०७ सालीं रोम शहरांतील मजुरांच्या वस्तींत, शाळेच्या वयास न आलेल्या मुलांकरितां बालगृह उघडलें होतें. मूल म्हणजे रिकामें मडकें नव्हे. त्याला शिकण्याची ओढ मुळांतच असते, शिक्षकानें फक्त योग्य साधनें त्याच्या हातीं द्यावीं आणि आपण थोडें बाजूस व्हावें, असें त्यांचें मत. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि शिक्षणपत्रिका या मासिकाच्या द्वारें ताराबाई हे विचार पालकांपर्यंत पोंचवूं लागल्या. अडीच वर्षांच्या मुलाला मारून-मुटकून अक्षरें गिरवावयास बसविणें हा अन्याय आहे, हें पटविण्यासाठीं त्यांना बरींच वर्षें झगडावें लागलें. आजचे पालक पाहिले म्हणजे हा झगडा संपला असें आम्हांस वाटत नाहीं.

१९३६ सालीं मुंबईंत दादर येथें त्यांनीं शिशुविहार सुरू केलें. मुलें येऊं लागलीं, शिक्षिकाही तयार होऊं लागल्या. ताराबाई येथेंच थांबल्या असत्या तरी त्यांचें नांव राहिलें असतें. परंतु एक गोष्ट त्यांच्या मनास टोंचत होती. मॉंटेसरीबाईंनीं आपलें बालगृह गरिबांसाठीं काढलें. आपल्याकडे मात्र त्याचा लाभ फी देऊं शकणाऱ्या शहरी कुटुंबांना मिळत होता. रंगीत ठोकळे, दट्टे, मनोरे अशीं किंमती साधनें खेड्यांतील शाळेनें कोठून आणावीं? आणि साधनांवांचून बालशिक्षण होतच नसेल, तर या देशांतील बहुतेक मुलांना तें कधींच मिळावयाचें नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं १९४५ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, त्यांनीं मुंबई सोडली आणि डहाणू तालुक्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. ज्या वयांत माणसें विश्रांतीचा विचार करूं लागतात, त्या वयांत बाईंनीं पाटी पुसून पुन्हां पहिलें अक्षर काढलें. त्यांच्या मदतीस अनुताई वाघ आल्या. अनुताई १९१० सालच्या, बालपणींच विधवा झालेल्या. ही गुरुशिष्यांची जोडी शेवटपर्यंत तुटली नाहीं.

बोर्डीला एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. बालवाडी निघाली, पण जीं मुलें यावयास हवीं होतीं तींच येईनात. गांव ज्यांना अस्पृश्य मानी त्यांच्या वस्तींतून मूल पाठविण्यास कोणी धजेना. मजुरी करणाऱ्या आईला सकाळीं मुलाला न्हाऊं-माखूं घालून वेळेवर शाळेंत पोंचविण्यास सवड नव्हती. दुसऱ्या कोणी पालकांच्या नांवानें बोटें मोडलीं असतीं. ताराबाईंनीं तसें केलें नाहीं. मूल शाळेपर्यंत येऊं शकत नसेल तर शाळेनें मुलापर्यंत जावें, असें त्यांनीं ठरविलें. शिक्षिका वस्तींत जाऊं लागल्या. तेथेंच एखाद्या अंगणांत मुलांना गोळा करावें, त्यांचीं हातपाय-तोंडें धुवावींत, केंस विंचरावेत, गाणीं म्हणावींत, गोष्टी सांगाव्यात. साधनें म्हणून चिंचोके, शिंपले, खडे, पानें, मातीचीं भांडीं. मोजणें, निवडणें, लहानमोठें ओळखणें, सर्व कांहीं त्यांतून होई. गांवांतली ठराविक वेळेची ती मध्यवर्ती बालवाडी, आणि वस्तींत जाणारी ती अंगणबालवाडी, अशीं दोन नांवें रूढ झालीं.

१९५७ सालीं हें काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली लोकांमध्यें गेलें. तेथें प्रश्न आणखी खोल होता. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेंत कां येत नाहीं याचा शोध घेतां दिसून आलें कीं, तिच्या कडेवर धाकटें भावंड आहे. आईबाप कामावर गेल्यावर त्याला सांभाळणार कोण? भावंडाची सोय केल्यावांचून बहिणीची शाळा होणें शक्य नव्हतें. तेव्हां पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं तिन्हीं एकाच आवारांत आणण्यांत आलीं, आणि या योजनेस विकासवाडी असें नांव दिलें गेलें. बहिणीनें तान्ह्याला पाळण्यांत निजवावें, मधल्या भावाला बालवाडींत बसवावें आणि आपण वर्गांत जावें. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरें जेथें चरतात तेथेंच शिक्षण! ताराबाईंच्या सर्व कामांत ही गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. लहान मुलाची देखभाल हा केवळ त्याच्या आईचा घरगुती प्रश्न नाहीं, त्यावर मोठ्या मुलीचेंही सारें शिक्षण अवलंबून आहे, हें त्यांनीं व्याख्यानानें नव्हे तर पाळणे टांगून दाखविलें.

१९४६ ते १९५१ या काळांत त्या मुंबई विधानसभेच्या सभासद होत्या, आणि १९६२ सालीं त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्यांचें देहावसान झालें. अनुताईंनीं १९९२ सालीं आपल्या मृत्यूपर्यंत कोसबाडचें काम पुढें चालविलें.

बाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, भारत सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणीं सुरू केली, आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी हें नांव मिळालें. या योजनेचें सर्व श्रेय एकट्या ताराबाईंना देणें अतिशयोक्तीचें होईल. कुपोषण व बालमृत्यु यांची चिंता हेंही तिचें मोठें कारण होतें. परंतु मुलाच्या दाराशीं जावयाचें आणि त्याबद्दल कांहीं घ्यावयाचें नाहीं, हा मार्ग बोर्डीच्या अंगणांतून गेलेला आहे. आज तो खर्च केंद्र व राज्य हीं दोन्ही सरकारें मिळून करितात.

येथें पालकांच्या उपयोगाचें थोडें सांगतों, कारण या सेवेचा लाभ कसा घ्यावा हें विचारणारे पालक पुष्कळ भेटतात. अंगणवाडीसाठीं कचेरींत खेटे घालावे लागत नाहींत. फी नाहीं, आणि उत्पन्नाची अटही नाहीं. सेविका घरोघर जाऊन गरोदर स्त्रिया व सहा वर्षांखालील मुलें यांची नोंद करिते. ती आली नसेल तर आपण होऊन आपल्या वस्तीच्या अंगणवाडींत जावें व नांव घालावें. मुलाच्या जन्माचा दाखला, लसींची नोंद असलेलें माता-बाल कार्ड आणि आईचें आधारकार्ड बरोबर असल्यास काम लवकर होतें. मुलाचें स्वतःचें आधारकार्ड नसलें तरी आईचें चालतें. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला घरीं नेण्याचा आहार मिळतो, आणि त्याचें वजन व लसी यांकडे लक्ष ठेवलें जातें. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तेथें बसवून गरम आहार देतात व खेळ-गाण्यांतून शिकवितात. हा आहार मोफत मिळणें हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें मुलाचा हक्क ठरला आहे. तेव्हां मागतांना संकोच धरूं नये. कांहीं तक्रार असल्यास पर्यवेक्षिकेला, आणि तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला भेटावें.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. तीन वर्षांखालील मुलाला दिवसभर सांभाळण्याची सोय साध्या अंगणवाडींत नसते. कामावर जाणाऱ्या आयांसाठीं केंद्र सरकारनें २०२२ पासून पाळणा या नांवाची योजना चालविली आहे व तींत सहा महिन्यांपासूनचीं मुलें ठेवून घेतात. परंतु असें पाळणाघर प्रत्येक गांवीं नाहीं, म्हणून आपल्या भागांत आहे कीं नाहीं हें सेविकेलाच विचारावें. कोसबाडच्या त्या मुलीच्या कडेवरचें भावंड अजून पुष्कळ ठिकाणीं खालीं उतरलेलें नाहीं.

ज्या वस्तींत अंगणवाडीच नाहीं तेथील लोकांनींही स्वस्थ बसूं नये. सहा वर्षांखालील निदान चाळीस मुलें असतील तर तेथील रहिवाशांनीं मागणी केल्यावर तीन महिन्यांच्या आंत अंगणवाडी द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २००६ मध्यें दिलेला आहे. मुलांचीं नांवें व वयें लिहून असा अर्ज तयार करणें हें काम आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना एका दुपारीं करतां येण्यासारखें आहे.