दगड वाचणारा शिक्षक

वसई तालुक्यातील वटारसारख्या किनाऱ्यालगतच्या गावात वाढणाऱ्या मुलाला पुळणीवरचे शंखशिंपले जितके परिचयाचे असतात, तितकाच परिसरातील काळा कातळही परिचयाचा असतो. सहावी-सातवीच्या वर्गात जीवाश्मांचा विषय निघाला की मात्र त्याच्यापुढे येते ते परदेशातील एखाद्या महाकाय डायनोसॉरचे चित्र आणि पाठ करावयाची एक व्याख्या. व्याख्येचे दोन गुण पदरात पडतात. परंतु शंख आणि कातळ यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकेल, ही शंका त्याच्या मनाला शिवत नाही. महाराष्ट्राच्या भूमीवर ही शंका ज्यांना आली आणि ज्यांनी तिचा चिकाटीने पाठपुरावा केला, त्यांत एका शाळाचालकाचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचे नाव स्टीफन हिस्लॉप.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजामुळे हे नाव घरोघरी पोहोचले आहे. ते महाविद्यालय १८८३ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी निघाले. नाव राहिले, ज्या कामासाठी ते भूशास्त्राच्या इतिहासात नोंदले गेले, त्याची ओळख मात्र पुसट झाली.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. धर्मोपदेशकाचे शिक्षण पूर्ण करून ते १८४४ च्या अखेरीस मुंबईस उतरले व १८४५ मध्ये नागपुरास आले. तेथे तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली. आपल्या धर्माचा प्रसार हा त्यांचा उघड हेतू होता आणि तो लपविण्याचे कारण नाही. त्याबद्दल ज्याचे जे मत असेल ते असो. या प्रदेशाकडे त्यांनी ज्या जिज्ञासेने पाहिले, तिचे मोल त्यामुळे उणे होत नाही. गोंडांची भाषा व चालीरीती यांविषयी त्यांनी जमविलेली टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. आदिवासींच्या अभ्यासात आजही त्यांची दखल घ्यावी लागते.

भूशास्त्र हा हिस्लॉप यांचा व्यवसाय नव्हता. शाळा आणि गावोगावचे दौरे यांतून उरणाऱ्या वेळात, सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासमवेत ते माळरानांवर हिंडत. नागपूरजवळच्या टाकळी येथे या दोघांना दगडात रुतलेले शंख आढळले. ते गोगलगाईचे होते, आणि गोगलगाय गोड्या पाण्यातील होती. पुढे त्याच थरांतून फळे, बिया आणि कीटकांचे अवशेषही हाती आले.

यापुढील तर्क प्रत्येक शिक्षकाने फळ्यावर मांडावा इतका सरळ आहे. ज्या गाळात हे शंख होते, त्याच्या खाली लाव्हाचा खडक होता आणि वरही लाव्हाचाच. गोगलगाय गोड्या पाण्याची, तेव्हा तेथे एके काळी तळे असले पाहिजे. तळे खालच्या लाव्हावर साचले, म्हणजे तो लाव्हा आधी वाहून थंड झाला असला पाहिजे. तळ्यात जीवसृष्टी नांदली, म्हणजे दोन उद्रेकांच्या दरम्यान दीर्घ विश्रांतीचा काळ गेला असला पाहिजे. दख्खनचे पठार एका दमात घडले नाही, ही गोष्ट बोटभर शंखाने सांगितली.

हिस्लॉप यांनी या थरांचे वय तृतीयक कालखंडाच्या आरंभाशी जोडले. त्यावर पुढे दीर्घकाळ वाद झाला. किरणोत्सारी मापनानुसार दख्खनच्या लाव्हाचे वय आता सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे मानले जाते. म्हणजे हा काळ त्या आरंभाच्या अगदी उंबरठ्यावरचा ठरतो. शास्त्रातील उत्तर अंतिम नसते, पुराव्यागणिक ते अधिक नेमके होते, हा धडाही याच उदाहरणात मिळतो.

त्यांचे शोध टाकळीपुरते राहिले नाहीत. मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये केले. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील अस्थींकडेही हिस्लॉप यांनी लक्ष वेधले. हे गाव पुढे डायनोसॉरांच्या अवशेषांसाठी प्रसिद्ध झाले. तेथील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अंश सापडल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा गवताचा इतिहास मागे नेणे जगातील शास्त्रज्ञांना भाग पडले.

टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांच्या पाहणीहून परतताना, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, पूर आलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाले. वयाची शेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले होते.

या चरित्रातून शाळांनी घ्यावयाचे ते काय? जीवाश्म शिकविण्यासाठी खर्चिक प्रयोगशाळा लागत नाही. वटारच्या मुलांनी एक शिंपला ओल्या मातीत दाबावा, तो उचलून त्या ठशात प्लास्टर ओतावे. साचा व प्रतिमा यांतील भेद कायमचा कळेल. त्यांच्या गावाजवळचा कातळ लाव्हाचाच आहे. त्यात शंख का सापडत नाहीत, हा प्रश्न त्यांनीच विचारावा आणि वितळलेल्या तप्त खडकात जीव टिकत नाही, अवशेष राहतात ते मधल्या गाळात, हे उत्तरही त्यांनीच शोधावे. अशाच गाळाच्या थरात मुंबईत वरळी येथे सापडलेल्या इवल्या बेडकांचे वर्णन ओवेन यांनी १८४७ मध्ये केले होते. वसईहून वरळी ती काय दूर?

घाई करण्यास कारण आहे. टाकळी आता नागपूर शहरात सामावली आहे. ठिकठिकाणच्या टेकड्या खडी होऊन रस्त्यांखाली आणि इमारतींत जात आहेत. खडीला ब्रासचा दर असतो; त्या दगडातील वृत्तांताला बाजारात दर नाही, म्हणून तो हिशेबात धरला जात नाही. बाजार जे मोजत नाही ते जपण्याची जबाबदारी समाजाला शिक्षणावर सोपवावी लागते. वर्षातून एक दिवस पुस्तक मिटून वर्ग जवळच्या खडकापाशी नेण्याची मुभा आणि वेळ शिक्षकाला मिळाला, तरी या जबाबदारीचा प्रारंभ होईल. तेवढाही न मिळाल्यास दगड फुटत राहतील, आणि त्यांत काय लिहिले होते हे विचारणारा कोणी उरणार नाही.